राबणाऱ्याचे नाव कोणत्या दफ्तरात?

१४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ अवकाशात झेपावले. त्या अग्निबाणाला पहिला रेटा देणाऱ्या प्रचंड बूस्टरांचे काही पोलादी भाग इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात घडवले गेले होते. ज्या माळावर नव्वद वर्षांपूर्वी कुसळाखेरीज फारसे काही उगवत नव्हते, तेथील लेथवर आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांत चंद्राकडे जाणाऱ्या वाहनाचा एक अंश आकाराला यावा, याचा तेथील कामगारांना अभिमान वाटला असल्यास तो रास्तच आहे. पण दिवाळी उलटली की याच कारखान्याच्या पंचक्रोशीत दुसरे एक दृश्य दिसू लागते. उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. भल्या पहाटे, थंडीने बोटे वाकत नाहीत अशा वेळी, नवरा-बायको कोयते घेऊन फडात शिरतात आणि बांधावरच्या झोळीतले मूल थोरल्या बहिणीच्या स्वाधीन केलेले असते. दोन्ही दृश्ये एकाच तालुक्यातली, एकाच कालव्याच्या काठची. दोन्हीकडे माणसे राबतात. मग एका श्रमाला पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी आणि मानपत्र लाभावे, व दुसऱ्याच्या वाट्याला मुकादमाच्या वहीतील एक ओळ तेवढी यावी, असे का?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर इंदापूर-बारामतीच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते. कारण नोंद ठेवण्याच्या बाबतीत हा मुलूख मागासलेला मुळीच नाही. उलट जमीन, पाणी आणि साखर यांचा चोख हिशेब महाराष्ट्राने ज्या भागांत आधी शिकला, त्यांतला हा एक होय.

जमिनीची मोजणी आणि माणसाचे विस्मरण

पेशवाई संपल्यानंतर इंग्रज अधिकारी प्रिंगल याने बसवलेला सारा इंदापूरच्या कुणब्याला पेलवला नाही. शेते ओस पडली, माणसे परागंदा झाली. तेव्हा १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातच नव्या मोजणीला आरंभ केला. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, मातीची प्रत ठरली, सारा तीस वर्षांसाठी कायम झाला. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा पाया असा या तालुक्यात घातला गेला. आजचा सातबारा त्याच मोजणीचा वंशज आहे. परंतु त्या मोजणीत शेत होते, शेताचा धनी होता, साऱ्याची रक्कम होती. त्या शेतात मजुरीने राबणारा माणूस नव्हता. सरकारला सारा हवा होता आणि मजूर सारा भरत नव्हता. ज्याच्याकडून येणे नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

पुढे जमिनीला किंमत आली, तशी ती गहाण पडू लागली. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. त्यांचा रोख मुख्यतः खतपत्रांवर होता. आपले दैन्य कोणत्या कागदात कोंडलेले आहे, हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखले होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा केला. म्हणजे जमीनधारकाचा आक्रोश चार वर्षांत कायद्याच्या पुस्तकात पोहोचला. भूमिहीनाला आक्रोश करण्यापुरतेदेखील खतपत्र नव्हते.

दरम्यान १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. त्या काळात हाती घेतलेल्या कामांतून नीरेचा डावा कालवा उभा राहिला आणि १८८० च्या दशकात त्यातून पाणी वाहू लागले. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या दुष्काळग्रस्तांच्या श्रमांतून या बागाईत पट्ट्याची नाडी तयार झाली. पाण्याच्या हिशेबासाठीही येथे डोके चालले. पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याकडे पाठ फिरवीत आणि अवर्षणात सर्वांना एकदम पाणी हवे असे. त्यावर विश्वेश्वरय्यांनी ठराविक क्षेत्राला ठराविक मुदतीसाठी पाणी देण्याची ब्लॉक पद्धत सुचवली. तिच्या आधाराने ऊस स्थिरावला, सासवडचे कष्टाळू माळी बागाईतदार खाली सरकले, आणि पाण्याच्या अतिरेकाने जमिनी चोपणही होऊ लागल्या. त्या खारवट जमिनींचाही डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१० च्या सुमारास शास्त्रशुद्ध अभ्यास केला. जमिनीची प्रत, पाण्याची पाळी, मातीतले मीठ, सर्व काही मोजले गेले. मोजायचा राहिला तो त्या मातीतला घाम.

भोंग्याचे गाव

१९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशातील साखर कारखान्यांची संख्या चार-पाच वर्षांत तिसाच्या आसपासहून सव्वाशेच्या वर गेली. नीरेच्या खोऱ्यात त्याचे पडसाद लगेच उमटले. साखरवाडी, माळीनगर, श्रीपूर येथे धुराडी उभी राहिली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी मार्सलँड प्राइस कंपनीच्या नावाने कळंबच्या परिसरात शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या, माळरान सपाट केले, मळे आखले आणि साखर कारखाना उभारला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही धंद्यांत स्वदेशी पाऊल टाकणाऱ्या या उद्योगपतीचे नावच पुढे त्या वसाहतीला मिळाले. तेथे साखरेबरोबर साखरेची यंत्रे, मग सिमेंटची यंत्रे, आणि अखेरीस अणुऊर्जा व अवकाश क्षेत्रांसाठी लागणारी अवजड सामग्री तयार होऊ लागली. कालांतराने साखरेचे गाळप थांबले, यंत्रशाळा राहिली.

या वसाहतीने आसपासच्या खेड्यांना घड्याळ दिले. कोंबड्याच्या आरवण्यावर उठणारी गावे भोंग्यावर उठू लागली. नीरा डाव्या कालव्याच्या वरच्या अंगाला, उत्तरेकडील जिरायती पट्ट्यात वसलेल्या कळससारख्या गावातील माणसाला हे घड्याळ विशेष मोलाचे होते. खाली कालव्याच्या काठी ऊस डोलत असताना वरच्या माळावर बाजरी पावसाची वाट पाहत उभी असे. अशा गावातल्या ज्या घरातला एक मुलगा कारखान्याच्या हजेरीपटावर लागला, त्या घराची चूल पावसावर अवलंबून राहिली नाही. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार, वाण्याकडे उधारीची पत, मुलाच्या शाळेची फी, आजारपणात दवाखाना. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टींनी माणसाच्या चालण्याबोलण्यात फरक पडतो. पुढच्या वर्षाचा विचार करण्याची चैन त्याला परवडू लागते.

हा फरक मालकाच्या औदार्याने तेवढा घडला नाही. हजेरीपटावर नाव असले की त्यामागून कायदे येतात. १९४८ चा कारखाने अधिनियम आला, १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला, १९५७ साली साखर धंद्यासाठी वेतन मंडळ नेमले गेले, १९७२ साली ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. साखर कारखान्यातील हंगामी कामगारालादेखील बिगरहंगामात काही भत्ता देण्याची रीत पडली. यांतील प्रत्येक गोष्टीमागे कामगार संघटनांचा झगडा आहे. पण संघटनेलासुद्धा उभे राहण्यासाठी जमीन लागते. आणि ती जमीन म्हणजे मस्टरवरचे नाव.

मळा गेला, चाळ उरली

कारखान्यापासून मैल-दोन मैलांवर, त्याच कंपनीच्या मळ्यांवर राबणाऱ्यांची कहाणी वेगळी झाली. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खाजगी साखर कंपन्यांकडील मोठमोठे मळे सरकारकडे आले. ते तुकडे करून वाटले तर कारखान्यांचा ऊसपुरवठा खंडित होईल, या विचाराने १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले आणि राज्यभरातील पाऊण लाख एकरांहून अधिक जमीन त्याच्याकडे गेली. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आणि रत्नपुरी येथे महामंडळाचे मळे होते. आशियातील एक मोठा सामुदायिक शेतीचा प्रयोग म्हणून त्या वेळी त्याच्याकडे पाहिले गेले.

त्या मळ्यांवरचा दिवस हजेरीने सुरू होई. कोणी दारे धरावे, कोणी बेणे तोडावे, बायकांनी खुरपणीला बसावे, रात्रपाळीच्या गड्याने कंदील घेऊन पाटाच्या कडेने फिरावे. राहण्याला चाळीतली एक-दोन खोल्यांची जागा. बाप मळ्यावर, मुलगा मळ्यावर, सूनही मळ्यावर, अशी दोन-तीन पिढ्यांची साखळी झाली. त्यांनी कधी स्वतःचे घर बांधले नाही, कारण सरकारी मळा बुडेल असे कोणाला वाटेल? परंतु मळा बुडाला. तोटा वाढत गेला, लागवड घटली, पाणी आटले, नवी भरती थांबली, वेतनाच्या थकबाकीचे वाद वर्षानुवर्षे चालले. शेवटी ज्यांच्या पूर्वजांनी जमिनी कंपनीला खंडाने दिल्या होत्या, त्या खंडकरी शेतकऱ्यांच्या दीर्घ लढ्याला यश आले. कायदा बदलला आणि २०१२ नंतर जमिनींचे प्रत्यक्ष वाटप सुरू झाले.

खंडकऱ्यांना त्यांची जमीन मिळाली हा न्यायच झाला. त्याबद्दल कोणी कुरकुर करण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. आजोबाच्या नावाचा जुना उतारा दाखवून नातवाला जमीन परत मिळू शकली, कारण ते नाव विंगेटच्या काळापासून चालत आलेल्या दफ्तरात सुरक्षित होते. त्याच जमिनीवर तीन पिढ्या खुरपे चालवणाऱ्या कुटुंबाला मात्र राहत्या खोलीखालचे दोन गुंठे मिळावेत यासाठी अर्ज, मोर्चे आणि उपोषणे यांचा मार्ग धरावा लागला. बैठका झाल्या, आश्वासनांच्या बातम्या आल्या. पण अशा प्रश्नात बातमी ही कसोटी नव्हे. कसोटी एकच: उताऱ्यावर नाव लागले की नाही?

कोयत्याचे गणित

कारखान्याच्या कामगाराजवळ निदान हजेरीपट होता. मळ्यावरच्या कामगाराजवळ तो होता आणि निसटला. ऊसतोडणीचा मजूर तर कोणत्याच पटावर नाही. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर यांसारखे सहकारी कारखाने आणि अलीकडचे खाजगी कारखाने यांच्या गव्हाणीत पडणारा बराचसा ऊस बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून येणाऱ्या टोळ्या तोडतात. कारखाना करार करतो तो वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाशी, आणि मुकादम मजुराशी. हा शेवटचा करार बहुधा तोंडी असतो. मजुराने पावसाळ्यात घेतलेली उचल हाच त्याचा मसुदा. आणि मोजण्याचे एकक तरी कसे? एक ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. पण हिशेबात तिचे नाव नसते. एखादा दिवस अंगावर काढता आला नाही तर ‘खाडा’ मात्र तिच्याही नावे पडतो. बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड स्त्रियांनी गर्भाशये काढून घेतल्याचे २०१९ साली उघडकीस आले, तेव्हा राज्य हादरले. त्या शस्त्रक्रियांच्या मुळाशी इतर कारणांबरोबर या खाड्याची धास्तीही होती.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि टनाला २७३ रुपयांचा दर ३६६ च्या घरात गेला. वाढ स्वागतार्ह आहे; पण तिचे गणित मांडून पाहावे. एक जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडते असे धरले, तर दोघांची मिळकत ७३२ रुपये होते. समजा, त्यांनी एक लाख रुपये उचल घेतली आहे. ती फेडण्यास सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल. म्हणजे एकही खाडा न होता जवळजवळ १३७ दिवस. अलीकडे कारखान्यांची संख्या व गाळपक्षमता वाढल्याने अनेक हंगाम त्याच्या आतच संपतात. शिवाय या चार-साडेचार महिन्यांत त्या कुटुंबाने खायचे काय, हे या हिशेबात धरलेलेच नाही. वाढे विकून आठवड्याचा बाजार भागतो, तोही भागला तर. अर्थात बाकी उरते, आणि बाकी फेडण्यासाठी पुढच्या वर्षीचा हंगाम आधीच विकलेला असतो. १८७५ साली सुप्यात जळालेले खतपत्र अशा रीतीने मुकादमाच्या वहीत पुन्हा जिवंत झाले आहे.

याच उसाच्या मालकाची स्थिती पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने त्याला किमान दराची हमी दिली आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये दर ठरला. चौदा दिवसांत पैसे न दिल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे लागते आणि प्रसंगी कारखान्याच्या मालमत्तेवर जप्ती येते. शेतकऱ्याला हे संरक्षण हवेच होते. परंतु एकाच टन उसात एकाच्या दराला केंद्र सरकारचा आदेश आणि दुसऱ्याच्या दराला तीन-चार वर्षांतून एकदा होणारी तडजोड, ही विषमता अर्थशास्त्राच्या कोणत्या नियमात बसते? १९७९ च्या स्थलांतरित मजुरांच्या कायद्याचाही येथे उपयोग झाला नाही. तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता, आणि बीडहून इंदापूरला येणारा मजूर सीमा ओलांडत नाही. तो फक्त घर ओलांडतो.

आक्षेप आणि उपाय

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते विचारात घेणे आवश्यक आहे. मुकादम हा केवळ शोषक नव्हे, तो धोका पत्करतो, उचल घेऊन मजूर पळाला तर बुडतो तोच, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. पण मग हा धोका अनौपचारिक वहीत ठेवून कोणाचे हित साधते? उचल कारखान्यामार्फत, मजुराच्या बँक खात्यात आणि नोंदणी क्रमांकावर दिली गेली तर मुकादमाचा धोका कमी होईल आणि मजुराचा हिशेब त्याच्याच हाती राहील. दुसरा आक्षेप खर्चाचा. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातूनच कापला जातो, तेव्हा मजुरी वाढली की अल्पभूधारक शेतकरी भरडला जाईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच हा भार एकट्या शेतकऱ्यावर न टाकता साखर, मद्यार्क, इथेनॉल आणि सहवीज यांच्या एकूण उत्पन्नातून उचलला गेला पाहिजे. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे आणि तितकीच भर शासनाने घालण्याचे तत्त्व स्वीकारले गेले आहे. तत्त्व मान्य असेल तर त्याचा विस्तार अशक्य नाही.

तिसरा आक्षेप असा की यंत्रे येतच आहेत, मग मजुरांची चिंता कशाला? वस्तुतः याच कारणाने घाई करावयास हवी. तोडणी यंत्रांना शासन अनुदान देत आहे. यंत्र आल्यावर ज्याचे काम जाईल त्याला भरपाई, प्रशिक्षण वा पर्यायी रोजगार द्यावयाचा म्हटले, तर तो कोण हे आधी ठाऊक असले पाहिजे. ज्याची नोंद नाही, त्याची नुकसानभरपाईही नसते. मळ्यावरच्या कामगारांनी हा धडा पुरेशी किंमत देऊन शिकवला आहे.

तेव्हा करावयाचे काय, हे फारसे अवघड नाही. प्रत्येक तोडणी कामगाराची, आणि स्त्रीची स्वतंत्र, नोंद हंगामापूर्वी व्हावी. ‘कोयता’ हे एकक मोडून दोन माणसे मोजली जावीत. तोडणीच्या मजुरीला उसाच्या दरासारखीच मुदत आणि व्याजाचे बंधन असावे. गाळप परवाना देताना ऊसक्षेत्राबरोबर मजुरांच्या निवाऱ्याची, पाण्याची आणि मुलांच्या शाळेची व्यवस्थाही तपासली जावी. महामंडळाच्या जमिनींचा शेवटचा हिशेब करताना चाळीतल्या कुटुंबांच्या घरजागेची नोंद आधी व्हावी. आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराच्या नावाखाली राबणाऱ्या तरुणांकडेही वेळीच लक्ष जावे. आजोबा कारखान्याच्या पटावर कायम आणि नातू अकरा महिन्यांच्या कागदावर, हा प्रवास पुढे जाणारा नव्हे.

देवळाच्या कळसाकडे सर्वांची नजर जाते, पायाचे दगड मातीत गाडलेले असतात. अवकाशात गेलेला पोलादी भाग हा इंदापूरच्या उद्योगाचा खरोखरीच कळस होय, आणि तो झळकत राहावा. पण त्याच नावाच्या गावाच्या शिवारात, पहाटेच्या धुक्यात मोळी डोक्यावर घेऊन गाडीची फळी चढणाऱ्या बाईला तिचे नाव विचारणारा, ते लिहून घेणारा कारकून अजून यावयाचा आहे. विंगेटच्या मोजणीदारांनी जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी इंदापुरातील प्रत्येक शेताला क्रमांक दिला. माणसाची मोजणी त्याहून कठीण आहे, असे कोणी म्हणू नये.